साध्या हॉटेलात जेवण: खर्च किती, बिल कसं वाचावं, मत कसं द्यावं

चौघांचं कुटुंब रविवारी जवळच्या साध्या हॉटेलात जेवायला गेलं, की हजार ते दीड हजार रुपये सहज होतात. महिन्यातून दोन-तीनदा असं जाणं झालं तर घरखर्चाच्या वहीत या रकमेला स्वतंत्र ओळ द्यावी लागते. तरीही आपण भाजीवालीकडे जेवढी चौकशी करतो, तेवढी हॉटेलात करत नाही. थाळीत काय काय येतं ते विचारत नाही, बिलाची शेवटची ओळ बघून पैसे देतो आणि बाहेर आल्यावर ‘छान होतं’ किंवा ‘महाग वाटलं’ एवढंच बोलतो.

हे मार्गदर्शन पंचतारांकित हॉटेलांसाठी नाही. मिसळीची दुकानं, उडुपी, खानावळी, मालवणी-सावजी भोजनालयं, गावाबाहेरचे ढाबे अशा ठिकाणी आपण सगळे जेवतो. तिथे पैसे नेमके कशाचे लागतात, बिलात काय असावं, काय नसावं, आणि जेवून आल्यावर दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं मत कसं सांगावं, याची ही माहिती आहे. जेवणाचं मत किमतीशिवाय अपुरं असतं, म्हणून दोन्ही गोष्टी इथे एकत्र घेतल्या आहेत.

कशाला किती?

खालचे आकडे साधारण अंदाजाचे आहेत. गाव, वस्ती, एसी आणि बसायची सोय यांनुसार ते खाली-वर होतात. स्टेशनजवळच्या आणि गावाच्या आतल्या दुकानांतही फरक पडतो.

- वडापाव: १५ ते ३० रुपये.
- मिसळ, दोन पावांसह: लहान गावात ६० ते १००, पुणे-मुंबई-ठाण्यात ९० ते १६० रुपये.
- उडुपी हॉटेलात इडली किंवा मेदूवडा: ४० ते ८०, मसाला डोसा ८० ते १४० रुपये.
- राइस प्लेट किंवा लिमिटेड शाकाहारी थाळी: १०० ते २०० रुपये.
- अनलिमिटेड शाकाहारी थाळी: २५० ते ५०० रुपये.
- शेवभाजी किंवा भरीत, खानदेशी पद्धतीचं: १०० ते १८० रुपये, भाकरी बहुतेक ठिकाणी वेगळी, नगाला २० ते ४०.
- कोल्हापुरी मटण थाळी: ३०० ते ५०० रुपये.
- नागपूरकडचं सावजी मटण: प्लेटला २५० ते ४०० रुपये.
- कोकणात किंवा गोव्यात बांगड्याची थाळी: २०० ते ३५०, सुरमईची ३५० ते ६०० रुपये. पापलेटचा भाव आकारावर.

दर सारखे का बदलतात, हेही समजून घ्यावं. हॉटेलवाल्याला घरगुती सिलिंडर वापरता येत नाही. त्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो आणि त्याचा भाव बहुधा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो. तेल, कांदा, मटण, जागेचं भाडं, कामगारांचे पगार यांचा भार त्याखेरीज. त्यामुळे गेल्या वर्षीचा दर मनात धरून वाद घालण्यात अर्थ नसतो. मात्र आजचा दर बसण्याआधी कळणं हा आपला हक्क आहे. दरफलक किंवा मेन्यूकार्ड मागा, आणि जो दर कार्डावर आहे तोच बिलात आहे का ते बघा.

ऑर्डर देण्याआधी विचारायचे प्रश्न

बिलावरून होणारे बहुतेक वाद ताटात काय धरलंय ते आधी न विचारल्यामुळे होतात. दोन मिनिटांत हे प्रश्न विचारून घ्या.

*थाळी लिमिटेड की अनलिमिटेड?* लिमिटेड थाळीत पोळ्या किंवा पुऱ्या मोजून येतात, भाताची एक वाटी असते आणि जादा काही घेतलं तर त्याचे पैसे पडतात. अनलिमिटेडमध्येही ‘सगळंच अनलिमिटेड’ नसतं. गोड पदार्थ, ताक किंवा पापड अनेकदा एकदाच वाढतात. एप्रिल-मे महिन्यांत आमरस असेल तर तो थाळीत धरलाय की वाटीमागे वेगळा आकार आहे, हे आवर्जून विचारा. आमरसाच्या दिवसांत बिल फुगण्याचं ते सर्वांत सामान्य कारण असतं. अनलिमिटेड थाळी दोघांत वाटून खाता येत नाही, हा नियम बहुतेक ठिकाणी असतो आणि तो रास्त आहे. लहान मुलांसाठी हाफ थाळी मिळते का, ते विचारावं. फलकावर नसली तरी विचारल्यावर ती अनेक ठिकाणी मिळते.

*मटण थाळीत काय काय?* कोल्हापुरी थाळीत सुक्कं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती आणि भात हा गाभा. काही ठिकाणी खिम्याची वाटी, अंडं किंवा सोलकढी त्यात धरतात. तांबडा-पांढरा पुन्हा पुन्हा वाढण्याची रीत आहे. सुक्कं मात्र एकदाच. तेव्हा दोन हॉटेलांच्या थाळ्यांची तुलना करताना सुक्क्याची वाटी केवढी, भाकऱ्या किती आणि रस्सा पुन्हा मिळतो का, या तीन गोष्टी बघा. ३२० रुपयांच्या थाळीत एकच भाकरी असेल आणि जादा भाकरी ३५ ची, तर ३८० ची तीन भाकऱ्यांची थाळी स्वस्त ठरते.

*मिसळीत जादा काय आणि फुकट काय?* रस्सा, ज्याला कुणी कट म्हणतं कुणी तर्री, तो बहुतेक दुकानांत पुन्हा फुकट वाढतात. जादा पाव, दही, पापड आणि ताक यांचे पैसे पडतात. जादा फरसाण काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी विकत. उडुपी हॉटेलात सांबार आणि चटणी पुन्हा मागितली तर त्याचा आकार लावण्याची रीत नाही. लावत असतील तर कार्डावर तसं लिहिलेलं असायला हवं.

*मासा केवढा, कितीला?* मेन्यूकार्डावर माशापुढे आकड्याऐवजी ‘अॅज पर साइज’ लिहिलं असेल तर मासा आणि त्याचा भाव दोन्ही आधी बघून घ्या. तुकडा की अख्खा, तळलेला की आमटीतला, हेही ठरवून घ्या. गोव्यातल्या साध्या फिश थाळीत भात, हुमण, किसमूर, सोलकढी असतं. रवा लावून तळलेला मोठा तुकडा घ्यायचा असेल तर तो बऱ्याचदा वेगळा मोजतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मिळणारी सुरमई किंवा पापलेट बर्फातलं असण्याची शक्यता जास्त आणि भावही चढे. पावसाळ्यात खाडीचे मासे, तिसऱ्या, सुकट यांचे पदार्थ मागावेत. ते ताजे किंवा मुळातच सुके असतात आणि खिशालाही परवडतात.

*पाणी कुठलं?* बसताक्षणी बाटली उघडून ठेवली जाते. नको असेल तर उघडण्याआधी सांगा आणि साधं पाणी मागा. बाटलीच्या छापील किमतीबद्दल मोठा गैरसमज आहे. हॉटेलात टेबलावर दिलेल्या पाण्याच्या बाटलीला छापील किमतीहून जास्त आकार लावता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसायची जागा आणि वाढण्याची सेवाही त्यासोबत असते, असं न्यायालयाने मानलं. त्यामुळे यावर वाद घालण्यापेक्षा बाटलीचा दर कार्डावर आधीच बघितलेला बरा.

बिल असं वाचा

समजा चौघांनी दोन मटण थाळ्या (४०० प्रमाणे ८००), एक चिकन थाळी (३२०), एक शाकाहारी थाळी (२००), दोन जादा भाकऱ्या (६०) आणि एक पाण्याची बाटली (२०) घेतली. पदार्थांची बेरीज १४०० रुपये. आता पुढे तीन शक्यता आहेत.

पहिली: हॉटेल नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरतं. अशा रेस्टॉरंटला ५ टक्के दर आहे. बिलात तो अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा असा दोन ओळींत दिसतो: ३५ अधिक ३५. एकूण १४७०. एसी हॉल असला तरी दर तोच. एसीला १८ आणि बिगर-एसीला १२ टक्के ही विभागणी १५ नोव्हेंबर २०१७ पासून रद्द झाली. ज्या हॉटेलात राहायच्या खोलीचा भाडेदर ७५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटला मात्र १८ टक्के लागतो. आपल्या साध्या हॉटेलांशी त्याचा संबंध नाही.

दुसरी: हॉटेल कंपोझिशन योजनेत आहे. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेल्या रेस्टॉरंटना ही योजना घेता येते. ते आपल्या उलाढालीवर स्वतः कर भरतात आणि ग्राहकाकडून जीएसटी घेऊ शकत नाहीत. त्यांच्या बिलावर ‘कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन’ असं लिहिलेलं असावं लागतं आणि दुकानातही तसा फलक असावा लागतो. इथे आपलं बिल १४०० वरच थांबलं पाहिजे. फार लहान खानावळीकडे जीएसटी नोंदणीच नसेल, तर तिथेही कराची ओळ येऊ शकत नाही.

तिसरी: बिलात १० टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ जोडला आहे. मग १४० रुपये वाढून बेरीज १५४० होते, त्यावर ५ टक्के म्हणजे ७७ रुपये जीएसटी लागतो आणि आकडा १६१७ वर जातो. पहिल्या बिलापेक्षा १४७ रुपये जास्त.

सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही. तो हॉटेलकडे जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने हा आकार आपोआप बिलात जोडू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये, तो द्यायलाच हवा असं ग्राहकाला सांगू नये आणि तो न देणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारू नये, असं त्यांत स्पष्ट आहे. हॉटेलचालकांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी एकसदस्यीय पीठाने या सूचना वैध ठरवल्या. त्यावर संघटनांनी पुढे अपील केलं आहे. ग्राहकाने करायचं ते सोपं आहे: ‘हा आकार काढून बिल पुन्हा द्या,’ असं शांतपणे सांगा. काउंटरवर बोला, वाढप्यावर रागावू नका. बिल तो बनवत नाही. त्याची सेवा आवडली असेल तर टीप त्याच्या हातात द्या. ती किती द्यायची, द्यायची की नाही, हे सर्वस्वी आपल्या मनावर आहे.

बिलावर दोन क्रमांकही बघा. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. महाराष्ट्रातला २७ ने आणि गोव्यातला ३० ने सुरू होतो. कर लावला आहे आणि क्रमांक छापलेला नाही, तर विचारा. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला, की नोंदणी चालू आहे का आणि ती कंपोझिशनमधली आहे का, हे कळतं. दुसरा एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. मद्य घेतलं असेल तर त्याला जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो. जेवणाचं आणि मद्याचं बिल वेगळं मागितलं की दोन्ही हिशेब स्वच्छ दिसतात.

कागदाच्या चिठोऱ्यावर नुसता एकूण आकडा लिहून दिला असेल तर पदार्थवार बिल मागा. त्यामुळे हॉटेलचं काही बिघडत नाही, आणि पुढे काही तक्रार करायची वेळ आली तर तेवढाच पुरावा हाती असतो.

घरी मागवताना

अॅपवरून मागवलेली तीच थाळी महाग पडते, याची कारणं अनेक आहेत. अॅप हॉटेलकडून कमिशन घेतं, म्हणून बरीच हॉटेलं अॅपवरच्या कार्डात दर वाढवून ठेवतात. त्यावर पॅकिंगचा आकार, डिलिव्हरी शुल्क, प्लॅटफॉर्म फी. जेवणावरचा ५ टक्के जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून अॅप कंपनीच गोळा करून भरते. डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्मच्या शुल्कांवर १८ टक्के लागतो. सवलतीचा मोठा आकडा दिसला तरी शेवटची देय रक्कम आणि हॉटेलातला मूळ दर यांची तुलना करा. हॉटेल पायी जाण्याजोगं असेल तर फोनवर सांगून स्वतः पार्सल आणणं बहुतेक वेळा स्वस्त. घरून डबे नेले तर पॅकिंगचा आकार वाचतो का, तेही विचारा. रस्सा, कट आणि सोलकढी डब्यात जास्त चांगली राहते.

काही बिघडलं तर

पदार्थ आंबलेला, शिळा किंवा कच्चा असेल तर चार घास खाऊन मग तक्रार करू नका. पहिल्याच घासाला थांबा, मालकाला ताट दाखवा. बरेच मालक पदार्थ बदलून देतात किंवा बिलातून काढतात. ऐकलं नाही तर पदार्थाचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा.

- बिलातल्या गैरआकाराबद्दल: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५.
- अन्नाच्या दर्जाबद्दल आणि अस्वच्छतेबद्दल: महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन, टोल-फ्री १८००-२२२-३६५. एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अॅपवरही तक्रार नोंदवता येते.
- भरपाई हवी असेल तर: जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील बंधनकारक नाही आणि ऑनलाइन दाखल करायची सोय आहे. मुदत दोन वर्षांची.

पोट बिघडलं म्हणून एखाद्या हॉटेलवर लगेच आरोप करू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. काही जंतूंच्या विषाने खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. साल्मोनेलाचा त्रास मात्र सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही सुरू होऊ शकतो. शेवटचं जेवण हेच कारण असेल असं नाही. एकत्र जेवलेल्या इतरांनाही त्रास झाला का ते बघा, डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा आणि मग प्रशासनाकडे जा.

आता मत सांगूया

छोट्या हॉटेलची जाहिरात ग्राहकच करतात. आपण लिहिलेल्या चार ओळी वाचून कुणी दहा किलोमीटर गाडी चालवत येतं, आणि आपल्याच चार ओळींनी एखाद्या खानावळीचं गिऱ्हाईक तुटतं. म्हणून मत देताना बिल वाचताना घेतो तेवढीच काळजी घ्यावी.

‘एकदम भारी, नक्की जा’ यातून काहीच कळत नाही. असं लिहून बघा: ‘रविवारी दुपारी एक वाजता चौघं गेलो. पाऊण तास थांबावं लागलं. मटण थाळी ४०० रुपये, तीन भाकऱ्या धरून. सुक्कं मऊ शिजलेलं, मसाला तिखट पण जळजळ नाही. पांढरा रस्सा पातळ वाटला. तांबडा मागेल तेवढा वाढला. दुसऱ्यांदा आलेल्या भाकऱ्या गार होत्या. चौघांचं बिल १४७०, सर्व्हिस चार्ज नाही. हात धुवायची जागा स्वच्छ. आजी-आजोबांना चढायला सहा पायऱ्या आहेत.’ एवढ्या मजकुरात वाचणाऱ्याला दिवस, वेळ, भाव, माप, चव आणि सोय सगळं मिळतं. चव आवडणं-न आवडणं त्याचं त्याने ठरवावं.

चवीबद्दल लिहिताना त्या पदार्थाचं घराणं ओळखा. कोल्हापूरची मिसळ झणझणीत कटासाठी खायची. पुण्यात अनेक ठिकाणी तिच्यात पोहे आणि बटाट्याची भाजी असते आणि चव सौम्य असते. दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातल्या उत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला. एका गावची मिसळ दुसऱ्या गावच्या मापाने मोजून तिला एक तारा देणं अन्यायाचं आहे. सावजी रस्सा तिखट आहे ही तक्रार होऊ शकत नाही. तिखटाआड मसाल्याची चव हरवली असेल तर ती होऊ शकते.

एकाच भेटीवर, एकाच पदार्थावर हॉटेलचा निकाल लावू नका. गर्दीच्या रविवारी जे कोलमडतं ते मंगळवारी नीट चालत असतं. एकदाच गेला असाल तर तसं लिहा. चव, माप, भाव, स्वच्छता आणि वागणूक या पाच गोष्टी वेगवेगळ्या ठेवा. वाढप्या तुसडा होता म्हणून रस्सा बेचव ठरत नाही, आणि रस्सा अप्रतिम आहे म्हणून कळकट पेला माफ होत नाही.

दुसऱ्यांची मतं वाचतानाही सावध असावं. केवळ ताऱ्यांची सरासरी बघू नका; गेल्या दोन-तीन महिन्यांतली आणि मधल्या दर्जाची, म्हणजे तीन ताऱ्यांची मतं आधी वाचा. त्यांत कौतुक आणि उणिवा दोन्ही सापडतात. एकाच दिवशी आलेली, एकाच छापाची, पदार्थाचं नावही नसलेली मतं बाजूला ठेवा. ऑनलाइन परीक्षणं खरी असावीत म्हणून भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं आहे, पण ते ऐच्छिक आहे. जेवण फुकट मिळालं असेल किंवा पैसे घेऊन व्हिडिओ केला असेल, तर ते उघडपणे सांगणं केंद्र सरकारच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. हाच नियम आपणही पाळावा: ओळखीच्या मालकाने बिल घेतलं नाही, तर त्या जेवणाबद्दल लिहिताना तेही लिहावं.

आणि उणीव सापडली तर ती लिहिण्याआधी गल्ल्यावर सांगा. ‘भाकरी गार आली,’ ‘थाळीत आमरस धरलेला नाही हे फलकावर नव्हतं,’ एवढं वाक्य मालकाला तिथल्या तिथे कळलं तर पुढच्या टेबलाला गरम भाकरी मिळते आणि फलकही बदलतो. सांगूनही फरक पडला नाही, तर मग तारीख, भाव आणि घडलं तसं लिहा. पदार्थ आवडला असेल तर तेही तिथेच सांगा, शक्य असेल तर आत जाऊन भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला सांगा. चांगल्या जेवणाचे पैसे बिलात चुकते होतात. त्याची दाद मात्र आपल्यालाच द्यावी लागते.